पवनविद्युत्, डेन्मार्कमधील

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून जनित्राच्या (यांत्रिक ऊर्जेचे विजेत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने मिळविलेल्या विजेस पवनविद्युत् म्हणतात. पिठाच्या गिरणीसाठी अथवा पाणी उपसण्यासाठी वाऱ्याचा उपयोग अनेक शतके होत आला असला, तरी त्यापासून वीज निर्माण करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. [⟶ पवनचक्की]. हे प्रयत्न स्कॉटलंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, जर्मनी इ. देशांतही झाले, परंतु डेन्मार्क या लहानशा देशात ते थोड्याफार खंडाने शतकाहून अधिक काळ चालू राहिले आणि आज जगभर प्रचारात असलेल्या तीन पात्यांच्या पवनयंत्राचा सांगाडा तेथेच ठरला. कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन कमी करण्याचे एक प्रमुख साधन म्हणून या यंत्राकडे आज पाहिले जाते. मात्र ज्यांनी ते घडविले त्यांच्यापुढे जलवायुमानातील बदलाचा प्रश्न नव्हता. इंधन महाग वा दुर्मिळ झाले की पवनयंत्राकडे वळावयाचे आणि ते स्वस्त झाले की त्याकडे पाठ फिरवावयाची, असा क्रम या इतिहासात वारंवार आढळतो. हे ज्ञान टिकून राहिले, ते पुष्कळ अंशी शाळा, कारागीर व सहकारी मंडळ्या यांच्यामुळे.

आस्कोव्ह येथील प्रयोग : ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी जुलै १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील मेरीकर्क या आपल्या गावी शिडाच्या कापडाची पाती असलेले यंत्र उभारून संचायक विद्युत् घटमाला भारित केली आणि त्या विजेवर आपल्या घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी देण्याची त्यांची तयारी होती. परंतु हा सैतानाचा उद्योग आहे असे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली, असे सांगतात. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १४४ लाकडी पात्यांचे, सु. १७ मी. व्यासाचे व १२ किलोवॉट (किवॉ.) क्षमतेचे प्रचंड यंत्र बांधले. त्याने सु. वीस वर्षे काम दिले. तथापि दोन्ही यंत्रे त्यांच्या कर्त्यांच्या घरापुरतीच राहिली.

डेन्मार्कमध्ये हे काम हाती घेणारे पॉल ला कूर (१३ एप्रिल १८४६–२४ एप्रिल १९०८) हे मूळचे वातावरणवैज्ञानिक होते. डॅनिश वातावरणविज्ञान संस्थेत त्यांनी काही वर्षे काम केले होते आणि तारायंत्रातील एका शोधाबद्दल त्यांचे नाव झाले होते. १८७८ मध्ये ते जटलंडमधील आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात अध्यापक झाले. ही लोकविद्यालये धर्मोपदेशक व कवी ग्रुंटव्हिग (१७८३–१८७२) यांच्या विचारांतून निघालेली होती. शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलामुलींना हिवाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत परीक्षेविना शिक्षण द्यावे, असे त्यांचे स्वरूप असे. १८६४ च्या युद्धात दक्षिणेकडील प्रदेश गमावल्यानंतर देशाच्या अंतर्गत उभारणीची जी ओढ डेन्मार्कमध्ये निर्माण झाली, तिचेच १८६५ मध्ये स्थापन झालेले आस्कोव्ह हे एक फळ होते. विजेचे दिवे शहरांत आले होते. खेडी मात्र अंधारात होती. शहराकडे धावणाऱ्या तरुणांना खेड्यातच वीज, उद्योग व ज्ञान मिळावे, ही ला कूर यांची प्रेरणा होती. कोळसा नसलेल्या देशात ही वीज वाऱ्यापासूनच मिळणे शक्य होते.

सरकारी अनुदान मिळवून त्यांनी १८९१ मध्ये शाळेच्या आवारात प्रायोगिक पवनचक्की उभारली. पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची होती. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाल्यास शक्ती आठपट होते व निम्मा झाल्यास ती एक-अष्टमांश उरते. अशा प्रेरकास जोडलेल्या जनित्राचा वेग स्थिर राहावा म्हणून ला कूर यांनी कप्प्या व वजने यांची एक साधी नियंत्रक योजना केली. दुसरी अडचण साठवणाची होती. संचायक घटमाला महाग असल्यामुळे त्यांनी विजेने पाण्याचे विच्छेदन करून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू टाक्यांत साठविले आणि १८९५ ते १९०२ या काळात शाळेतील दिवे या वायूंवर चालविले. हायड्रोजनात थोडा ऑक्सिजन मिसळला गेल्याने स्फोट होत आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने पुन्हा पुन्हा बसवावी लागत. परंतु त्यापायी प्रयोग थांबले नाहीत. अतिरिक्त पवनविद्युत् हायड्रोजनाच्या रूपात साठविण्याच्या ज्या योजना एकविसाव्या शतकात मोठ्या खर्चाने आखल्या जात आहेत, त्यांचे मूळ या खेड्यातील शाळेत सापडते.

ला कूर यांचे शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे काम वातविवरातील प्रयोगांचे होय. नळीतून सोडलेल्या हवेच्या झोतात निरनिराळ्या आकारांच्या पात्यांच्या लहान प्रतिकृती ठेवून त्यांनी मापने केली. वाऱ्यासमोर जितकी अधिक पाती तितकी अधिक शक्ती, हा त्या काळचा सर्वसाधारण समज होता व ब्रश यांची १४४ पाती हे त्याचेच उदाहरण होते. विजेच्या निर्मितीस थोडी पण वेगाने फिरणारी पातीच अधिक उपयुक्त ठरतात, असे ला कूर यांना दिसून आले.

१९०३ मध्ये त्यांनी डॅनिश पवनविद्युत् मंडळ स्थापन केले आणि पुढील वर्षापासून ग्रामीण वीजतंत्रज्ञांसाठी अभ्यासक्रम व एक नियतकालिक सुरू केले. शेतकऱ्यांची मुले काही महिने आस्कोव्हला राहून तारा ओढणे, घटमाला सांभाळणे, जनित्र दुरुस्त करणे इ. कामे शिकत व आपापल्या गावी परतून लहान वीजगृहे चालवीत. यंत्र दूरच्या कारखान्यातून आले आणि बिघडल्यावर दुरुस्तीसाठी कोणी नसले, तर ते गंजत पडते, हा अनुभव पुढे अनेक देशांना आला. आस्कोव्हमध्ये यंत्राआधी माणसे तयार करण्यात आली.

दोन महायुद्धे आणि गेडसर : पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा व रॉकेल यांची आयात आटली, तेव्हा या लहान वीजगृहांचे महत्त्व एकदम वाढले. १९१८ मध्ये डेन्मार्कमधील सु. १२० स्थानिक वीजसंस्थांकडे पवनयंत्रे होती. बहुतेकांची क्षमता २० ते ३५ किवॉ. होती आणि सर्व मिळून त्यांची क्षमता सु. ३ मेगॅवॉट (मेवॉ.) भरत होती. देशाच्या वीजवापराचा सु. ३ टक्के हिस्सा त्यांच्यापासून मिळे. युद्ध संपून इंधन पुन्हा येऊ लागले, मोठ्या वीजगृहांच्या तारा खेड्यांपर्यंत पोहोचल्या आणि पवनयंत्रे एकामागून एक बंद पडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली तोच प्रसंग आला. सिमेंटच्या यंत्रसामग्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या एफ. एल. स्मिथ या कंपनीने काँक्रीटच्या मनोऱ्यांवर दोन व तीन पात्यांची यंत्रे उभारली. युद्धानंतर तीही मागे पडली.

ही सर्व यंत्रे एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) विद्युत् प्रवाह देत. वीजवाहक जाळे मात्र प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे झाले होते. पवनयंत्र या जाळ्याला जोडता आले नाही, तर त्याला भवितव्य नाही, हे ओळखणारे अभियंते योहानेस यूल (१८८७–१९६९) हे ला कूर यांच्या १९०४ च्या अभ्यासक्रमातील विद्यार्थी होते. आग्नेय डेन्मार्कमधील एका वीजपुरवठा कंपनीत त्यांची नोकरी झाली होती आणि निवृत्तीच्या वयाच्या आसपास ते तरुणपणीच्या विषयाकडे परतले. १९५० मध्ये व्हेस्टर एगेस्बोर्ग येथे त्यांनी प्रत्यावर्ती प्रवाह देणारे दोन पात्यांचे यंत्र उभारले. १९५२ मध्ये बोगो बेटावरील युद्धकालीन यंत्रात त्यांनी तसाच बदल केला. त्यानंतर मार्शल योजनेतील निधीच्या साहाय्याने फाल्स्टर बेटाच्या दक्षिण टोकावर गेडसर येथे त्यांनी २०० किवॉ. क्षमतेचे यंत्र बांधले. ते १९५७ मध्ये चालू झाले.

गेडसरच्या यंत्रात विशेष असे काय होते, हे थोडे तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल. त्याच्या चक्राचा व्यास २४ मी. होता. पाती तीन होती व ती मनोऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूस फिरत. वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेकडे विजेच्या मोटारीने यंत्राचे तोंड वळविले जाई. जनित्र प्रवर्तन प्रकारचे होते. हे जनित्र म्हणजे कारखान्यांत सर्वत्र आढळणाऱ्या साध्या मोटारीचाच प्रकार असून त्याचा वेग जाळ्यातील प्रवाहाच्या कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येने) बांधला जातो. त्यामुळे ज्या नियंत्रणासाठी ला कूर यांना कप्प्या व वजने वापरावी लागली, ते आता जाळेच करू लागले. जोराच्या वाऱ्यापासून संरक्षणाची युक्ती याहूनही साधी होती. पाती अशा कोनात पक्की बसविलेली होती की, वारा विशिष्ट वेगापलीकडे गेल्यावर पात्याच्या पाठीवरील हवेचा प्रवाह तुटून उचल कमी होई व शक्ती आपोआप मर्यादित राही. विमानचालकास जी अवस्था जिवावरची वाटते, तिचाच येथे उपयोग करून घेतला होता. एवढे करूनही चक्र बेफाम झालेच, तर पात्यांची टोके केंद्रोत्सारी प्रेरणेने वळत व हवेत आडवी येऊन गतिरोधकाचे काम करीत. हे यंत्र सु. दहा वर्षे जवळजवळ देखभालीविना चालले.

याच सुमारास जर्मनीत उल्‌रिख ह्यूटर (१९१०–९०) यांनी दोन सडपातळ पात्यांचे १०० किवॉ. चे अतिशय हलके यंत्र बांधले होते. वायुगतिकीच्या दृष्टीने ते यूल यांच्या ओबडधोबड यंत्रापेक्षा सरस होते. त्याआधी अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील ग्रँडपाज नॉब या टेकडीवर १९४१ मध्ये १,२५० किवॉ. चे यंत्र उभारण्यात आले होते. त्याचे एक पाते २६ मार्च १९४५ रोजी तुटून पडले व तो प्रयोग संपला. गेडसरच्या यंत्राचा शेवट मात्र मोडतोडीने झाला नाही. त्याची वीज आयात इंधनापासून केलेल्या विजेपेक्षा महाग पडते, असा निष्कर्ष १९६२ मध्ये निघाला आणि १९६७ मध्ये यंत्र थांबविण्यात आले. हिशेब त्या वर्षीच्या तेलाच्या भावाने केलेला होता आणि त्या भावाने तो बरोबरही होता. यूल १९६९ मध्ये मरण पावले. त्या वेळी त्यांचे काम संग्रहालयात ठेवण्याजोगी एक वस्तू एवढेच उरले होते.

तेलाची टंचाई आणि कारागीर : ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, तेव्हा डेन्मार्कच्या ऊर्जेपैकी सु. ९० टक्के ऊर्जा आयात तेलापासून मिळत होती. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारगाड्या चालविण्यास बंदी करण्यात आली. सरकारचा व वीजकंपन्यांचा कल अणुकेंद्रे बांधण्याकडे होता. त्यास १९७४ पासून संघटित विरोध सुरू झाला आणि २९ मार्च १९८५ रोजी फोल्केटिंगने (डॅनिश संसदेने) अणुशक्ती राष्ट्रीय ऊर्जायोजनेतून वगळली. या विरोधातील कार्यकर्त्यांना केवळ नकार देऊन भागणार नव्हते. पर्याय दाखविणेही आवश्यक होते. गेडसरचे थांबलेले यंत्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

जटलंडमधील सुतार क्रिस्तियान रीसागर यांनी यूल यांच्या आराखड्यावरून लाकडी पात्यांचे २२ किवॉ. चे यंत्र तयार करून १९७६ च्या सुमारास ते आपल्या घराच्या वीजजोडणीमार्फत जाळ्यास जोडले. त्यात बाजारात सहज मिळणारे भाग व साधी विजेची मोटार वापरली होती. उल्फबोर्गजवळच्या ट्व्हिन येथील शाळांच्या शिक्षकांनी व त्यांच्या शेकडो साहाय्यकांनी तीन वर्षे राबून ५४ मी. व्यासाचे प्रचंड यंत्र उभारले. मार्च १९७८ मध्ये ते चालू झाले आणि अनेक दशके चालू राहिले. त्यासाठी काचतंतूंची २७ मी. लांबीची पाती त्यांनी स्वतः बनविली व ती बनविण्याचे तंत्र इतरांस मुक्तपणे दिले. लोहार कार्ल एरिक यर्गनसेन व तरुण हेन्रिक स्टीसडाल यांनी तीन पात्यांचे एक यंत्र रचले. त्याच्या उत्पादनाचे हक्क व्हेस्टास या कंपनीने १९७९ मध्ये घेतले. ही कंपनी तोवर शेतीची यंत्रसामग्री करीत असे. तिच्या स्पर्धक कंपन्यांपैकी एक टँकर गाड्यांच्या टाक्या बनविणारी, तर दुसरी शेतीला पाणी देण्याच्या साधनांची होती. एकही विमान कारखाना त्यांत नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. या लोकांनी वजन वाचविण्यापेक्षा नांगराप्रमाणे टिकाऊ वस्तू करण्याकडे लक्ष दिले.

प्रारंभीच्या यंत्रांना अपघात झाले नाहीत असे नाही. वादळात गतिरोधक निकामी होऊन पाती उडून गेल्याच्या घटना घडल्या. परंतु पवनयंत्रांच्या मालकांनी १९७८ मध्ये आपला संघ स्थापन केला आणि प्रत्येक बनावटीचे यंत्र दर महिन्यास किती वीज देते व कोठे बिघडते, याचे आकडे नावानिशी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. खरेदीदार हे आकडे पाहूनच यंत्र निवडीत. त्यामुळे कच्चे यंत्र विकणाऱ्यास बाजारात थारा मिळेनासा झाला. त्याच वर्षी रीसो येथे पवनयंत्रांचे चाचणी केंद्र सुरू झाले. रीसो ही मूळची अणुसंशोधन संस्था होय. १९७९ पासून सरकार यंत्राच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान देऊ लागले. मात्र ते रीसोने मान्य केलेल्या यंत्रासच मिळे आणि परस्परांवर अवलंबून नसलेले दोन गतिरोधक असल्याखेरीज मान्यता मिळत नसे. यूल यांनी पात्यांच्या टोकांना दिलेली युक्ती अशा रीतीने नियमात उतरली. हे अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने कमी करून १९८९ मध्ये बंद करण्यात आले.

यंत्र विकत घेणारे बहुधा शेतकरी व त्यांचे शेजारी असत. डेन्मार्कमध्ये दूध व लोणी यांच्या सहकारी संस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून होती. त्याच धर्तीवर गावकरी मिळून यंत्र घेत व विजेच्या प्रमाणात भाग वाटून घेत. भागधारक परिसरातीलच असावा, असा निर्बंध दीर्घकाळ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रीतीने एक लाखाहून अधिक कुटुंबांचा पवनयंत्रांत हिस्सा होता. फिरणाऱ्या पात्यांचा आवाज शेजाऱ्याला खटकतो; पण त्या यंत्रात त्याचाही वाटा असेल, तर तो कमी खटकतो, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण होते.

मोठ्या देशांचे प्रयत्न : याच काळात अमेरिकेने नासा या अवकाश संस्थेकडे पवनयंत्रांचे काम सोपविले. त्या संस्थेच्या विनंतीवरून १९७५ मध्ये गेडसरचे यंत्र दुरुस्त करून त्यावर मापनेही घेण्यात आली. तथापि १९७५ ते १९८७ या काळात नासाने जी यंत्रे बांधविली, ती दोन पात्यांची, वजनाने हलकी आणि शक्यतो प्रचंड अशी होती. त्यांपैकी शेवटचे, हवाई बेटांवरील यंत्र ३·२ मेवॉ. क्षमतेचे होते. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये ग्रोवियान हे १०० मी. व्यासाचे व ३ मेवॉ. क्षमतेचे यंत्र उभारले. १९८७ पर्यंत ते सर्व मिळून सु. ४२० तासच चालू शकले. या यंत्रांचे अभियंते डॅनिश सुतार-लोहारांहून कितीतरी अधिक शिकलेले होते आणि त्यांनी पात्यांच्या गतिकीविषयी मोलाची माहिती मिळविली. परंतु पुढच्या पायरीवर चढण्यापूर्वी मागच्या पायरीवर शंभर यंत्रे काही वर्षे चालवून पाहणे त्यांच्या योजनेत बसत नव्हते. डेन्मार्कमध्ये २२ किवॉ. वरून ५५, ५५ वरून ७५, ९५ असे करत यंत्र वाढत गेले व प्रत्येक वाढीत आधीचे दोष निघून गेले.

कॅलिफोर्निया व भारत : कॅलिफोर्नियात १९८० नंतर करांतील सवलतींमुळे पवनयंत्रांची लाट आली. घाईने बनविलेली अनेक अमेरिकन यंत्रे पहिल्या काही वर्षांतच मोडली आणि डॅनिश यंत्रांना हजारोंच्या संख्येने मागणी आली. १९८५ अखेर सवलती संपताच बाजार कोसळला व बहुतेक डॅनिश कंपन्या अडचणीत आल्या. व्हेस्टासचे दिवाळे १९८६ मध्ये निघाले. पुढील वर्षी केवळ पवनयंत्रे करणारी कंपनी म्हणून तिची नव्याने उभारणी झाली.

भारतात पवनविद्युतेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ च्या सुमारास गुजरातमध्ये ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात दक्षिण कोकणचा किनारा येथे उभारण्यात आले. त्यांत ५५ किवॉ. ची डॅनिश यंत्रे होती. म्हणजे गेडसरच्या यंत्राचे वंशज तीस वर्षांच्या आत कोकणात पोहोचले. पुढे तमिळनाडूतील खिंडींच्या मुखांशी व १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर मोठ्या संख्येने यंत्रे उभी राहिली. यंत्र डेन्मार्कचे असले, तरी त्याच्या मालकीची पद्धत मात्र आली नाही. भारतात घसाऱ्यावरील करसवलतीचा लाभ घेणाऱ्या कंपन्या हेच प्रारंभीचे मुख्य गुंतवणूकदार होते. ज्या गावाच्या माळावर यंत्र फिरे, त्या गावाचा त्यात भाग नसे. सहकारी साखर कारखाने व दूधसंघ यांची महाराष्ट्रातील परंपरा पाहता हे अपरिहार्य होते असे म्हणता येत नाही. २००२ नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत पवनचक्क्यांमुळे ढग पळतात व पाऊस पडत नाही, असा समज सातारा, सांगली या भागांतील काही गावांत पसरला होता. त्यास शास्त्रीय आधार नाही. परंतु मेरीकर्कच्या गावकऱ्यांप्रमाणे येथेही लोकांना ती वस्तू परकी वाटत होती, हे त्यावरून दिसते.

जलवायुमानाचा प्रश्न : डेन्मार्कने १९७३ नंतर तेलावरील अवलंबन झपाट्याने कमी केले, पण ते मुख्यतः कोळशाच्या साहाय्याने. १९९० च्या सुमारास त्या देशातील विजेपैकी सु. नऊ-दशांश वीज कोळशापासून होत होती आणि पवनविद्युतेचा वाटा जेमतेम २ टक्के होता. एकक विजेमागे कोळसा हा तेलापेक्षाही अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. म्हणजे पवनयंत्रांचे माहेरघर म्हणून गाजणारा देश दरडोई उत्सर्जनात युरोपातील पुढच्या देशांत होता. पुरवठ्याची शाश्वती आणि वातावरणाचे रक्षण या दोन भिन्न गोष्टी असून एक साधल्याने दुसरी आपोआप साधत नाही.

ब्रुंटलंड आयोगाचा १९८७ मधील अहवाल आणि पादपगृह परिणामाविषयी वाढत गेलेले ज्ञान यांमुळे हा विरोध उघड झाला. १९९० च्या ऊर्जायोजनेत डेन्मार्कने २००५ पर्यंत कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन १९८८ च्या तुलनेने २० टक्क्यांनी घटविण्याचे व दहावा हिस्सा वीज वाऱ्यापासून मिळविण्याचे ठरविले. १९९२ पासून या वायूच्या उत्सर्जनावर कर बसविण्यात आला. पवनविद्युतेचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पुरे झाले. तथापि २००१ मध्ये सरकार बदलल्यानंतर साहाय्य आटले आणि पुढील काही वर्षे नवी यंत्रे जवळजवळ उभारली गेली नाहीत. जुना क्रम पुन्हा एकदा दिसून आला. त्यानंतर वेग वाढला. २०१५ मध्ये देशातील वीजवापराच्या ४२ टक्के व २०१९ मध्ये ४७ टक्के इतकी वीज पवनयंत्रांनी दिली. २०२२ पासून हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. २०२० च्या कायद्याने २०३० पर्यंत सर्व पादपगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेने ७० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घालण्यात आले.

वारा पडल्यावर काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो व तो रास्त आहे. डेन्मार्कमध्ये त्याचे उत्तर पुष्कळ अंशी शेजाऱ्यांनी दिले. नॉर्वेशी समुद्राखालील तारेने १९७६–७७ मध्येच जोडणी झाली होती. वारा जोरात असताना डॅनिश वीज उत्तरेस जाते व नॉर्वेतील धरणांचे पाणी वाचते; वारा पडला की तेच पाणी वीज होऊन परत येते. याशिवाय डॅनिश शहरांत घरे तापविण्यासाठी गरम पाण्याचे सामायिक नळ असून त्यांच्या मोठ्या टाक्या जादा विजेवर तापविता येतात. ज्या देशास अशी धरणे वा असे शेजारी नाहीत, त्यास हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

समुद्रावरील यंत्रे : जमिनीवर चांगल्या जागा कमी पडू लागल्याने १९९१ मध्ये लोलंड बेटाच्या उत्तरेस व्हिनेबी येथे उथळ समुद्रात ४५० किवॉ. ची अकरा यंत्रे उभारण्यात आली. समुद्रातील हे जगातील पहिले पवनविद्युत् केंद्र होय. २००० मध्ये कोपनहेगनसमोर वीस यंत्रांचे केंद्र झाले. त्याची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे होती. २००२ मध्ये उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे २ मेवॉ. ची ऐंशी यंत्रे उभी राहिली. खाऱ्या हवेत त्यांचे रोहित्र (विद्युत् दाब बदलणारे साधन) व जनित्रे निकामी होऊ लागल्याने २००४ मध्ये सर्वच्या सर्व ऐंशी यंत्रांच्या माथ्यावरील पेट्या उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीस न्याव्या लागल्या. पायरी-पायरीने जाण्याचा जुना नियम येथे थोडा सैल झाला होता. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यंत्राची क्षमता १५ मेवॉ. पर्यंत व चक्राचा व्यास २३६ मी. पर्यंत पोहोचला. अशी यंत्रे शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी मिळून घेण्याची राहिली नाहीत. त्यांची मालकी मोठ्या कंपन्या व निवृत्तिवेतन निधी यांच्याकडे गेली.

पवनयंत्र उभारण्यास लागलेली ऊर्जा ते साधारणतः वर्षभरात किंवा त्याहून कमी काळात परत देते आणि नंतर वीस ते पंचवीस वर्षे चालते. मनोऱ्याचे पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते. काचतंतू व रेझीन यांची पाती मात्र सहजासहजी वेगळी करता येत नसल्याने जुन्या पात्यांची विल्हेवाट हा नवा प्रश्न झाला आहे. व्हिनेबीची यंत्रे २०१७ मध्ये उतरविण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्क सरकारने उत्तर समुद्रातील ३,००० मेवॉ. क्षमतेच्या केंद्रांसाठी मागविलेल्या निविदांस एकही प्रतिसाद आला नाही. पोलादाचे भाव व व्याजाचे दर वाढले होते आणि या वेळी सरकारने कोणतेही साहाय्य देऊ केले नव्हते. त्यानंतर अटी बदलून साहाय्यासह नव्या निविदा काढण्याचे ठरले. गेडसरच्या यंत्राची पाती व माथ्यावरील पेटी जटलंडमधील ब्येरिंगब्रो येथील ऊर्जा संग्रहालयात जतन करण्यात आली आहे.